विमान काही थांबलं नाही

शिरड शहापूरच्या स्टँडवर एसटी लागली की ड्रायव्हर आधी पंचफुलाबाईच्या खानावळीत हात धुवायचा. ताटावरून माणूस उठवायचा नाही, हा बाईचा कायदा. गाडीतले कितीही बोंबलले तरी ती ‘जाय आता’ म्हणाली की मगच एसटी हलायची.

पुढे सरकारनं विमानाचा धंदा खाजगी कंपन्यांना मोकळा केला आणि नांदेडला मुंबईचं विमान उतरायला लागलं. औंढ्या नागनाथाला येणारे भाविक वाढले. त्यांना फिरवायला बाईच्या लेकानं, शिवहारनं, जीप घेतली. नांदेडचा एजंट रामकिशन भाडी देणार होता. “पहिल्या भाड्याला घोळ केलास तर दुसरं न्हाई,” असं त्यानं बजावलं होतं.

पहिलं भाडं मुंबईच्या नवरा-बायकोचं. दर्शन घेऊन परतताना ते पाणी प्यायला खानावळीपाशी उतरले आणि पंचफुलाबाईनं त्यांना पिठलं-भाकरीवर बसवलं.

“माय, विमानाची वेळ झाली!” शिवहारचा जीव खालीवर.

“मंग? पाहुणे जेवून राहिले न. फोन लाव डायव्हरला, म्हणाव येऊन राहिलो.”

“विमान हाय ते, एसटी न्हाई!”

“काहून, त्याला ब्रेक न्हाईत का?”

पाहुण्याला हसता हसता ठसका लागला. त्याच्या बायकोनं अजून एक भाकर मागून घेतली.

दिवेलागणीला जीप परत आली ती दोघांना घेऊनच. विमान गेलं होतं, दुसरं परवा होतं.

“बसला माझा धंदा,” शिवहार पायरीवर मटकन बसला. “रामकिशननं दुसरा डायव्हर धरला म्हने.”

पंचफुलाबाई पाहुण्यांवरच खेकसली, “हुबे काहून राहिले? चला घरात. परकं हाय का?”

दुसऱ्या दिवशी शिवहारनं त्यांना परत औंढ्याला नेलं. या वेळी घड्याळ बघायची गरज नव्हती. देवळाच्या भिंतीवरचे दगडी हत्ती बघत ती दोघं दुपारपर्यंत तिथंच रमली. संध्याकाळी चुलीपाशी बसून मुंबईची बाई भाकरी थापायला शिकली. पहिली फाटली, दुसरी करपली.

“ऱ्हाऊ दे बाई, तुजा नवरा उपाशी मरंल,” पंचफुलाबाई म्हणाली.

निघायच्या सकाळी रामकिशनचा फोन आला. पाहुण्यानं शिवहारच्या हातातून तो काढून घेतला. “उशीर आमच्यामुळं झाला. पुढच्या महिन्यात माझी बहीण येतेय, चौघं आहेत. जीप हीच पाहिजे. आणि राहतील ते मावशींकडेच.”

पलीकडून रामकिशन काय बोलला ते कळलं नाही, पण शिवहारनं फोन परत घेतला आणि दोनदा ‘व्हय शेठ’ म्हणाला.

पंचफुलाबाईनं भाकरी फडक्यात बांधून पाहुण्यांच्या हातात कोंबल्या. “जीपमंदी खा. निघा लवकर.”

जीप वळणाआड गेली तशी ती सुनेवर कडाडली, “सुकन्या, बघत काय राहिलीस? चुना कालव. चार माणसं येऊन राहिली मुंबईहून, अन् ह्या भिंतीचं थोबाड बघ!”