वाकडा पाना

"गुडघा थांबव," मी लीलंडला म्हणाले. "अख्खी गाडी हलतेय."

"रस्ता खराब आहे, व्हर्ना."

रस्त्याला काहीही झालेलं नव्हतं. ओहायोतला आमच्या भागातला सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना मका. हलत होता तो माझ्या नवऱ्याचा गुडघा, आणि तो लग्नाआधीपासून हलतोय. चर्चमध्ये आमच्या बाकावर तिसरं माणूस टिकत नाही. मुलीच्या लग्नात मी त्या गुडघ्यावर माझी पर्स ठेवली होती, तर पर्सही हलायला लागली.

त्या दिवशी त्याने ब्रॅनिगन मोटर्सचा जुना राखाडी शर्ट घातला होता. खिशावर लाल दोऱ्याने 'लीलंड' लिहिलेलं. पोटावरची बटणं लागत नव्हती, म्हणून मी त्याला वरून जाकीट घालायला लावलं होतं.

"ट्रेंटने फोनवर नक्की काय सांगितलं?" त्याने पुन्हा विचारलं.

"आता किती वेळा तेच सांगू? 'तुमच्या हातची शेवेल गाडी माझ्याकडे आहे, शनिवारी सुरू करतोय, तुम्ही हवेच.' झालं?"

"माझ्या हातची म्हणाला?"

"म्हणाला रे बाबा."

ब्रॅनिगन हा नव्या गाड्यांचा डीलर; त्याच्याकडे तो मेकॅनिक होता आणि मी पार्टच्या काउंटरवर. नव्या गाड्या ट्रेलरवरून उतरायच्या, पण कारखान्यातून आली तशी गाडी तरण्या पोरांना कुठे हवी असायची! ती माझ्या काउंटरवर रेलून मोठा कार्ब्युरेटर मागायची, इंजिनाला जोर देणारा कॅमशाफ्ट मागायची, एक्झॉस्टच्या रुंद नळ्या मागायची. मग गाडी आधी लीलंडकडे जायची आणि नंतर गिऱ्हाइकाकडे. या पार्टचे पैसेही गाडीच्याच कर्जाच्या हप्त्यात बसत असल्यामुळे बापाला पत्ताही लागायचा नाही. अशी गाडी सिग्नलला उभी राहिली की तिला धीर नसायचा, गुरगुरत जागच्या जागी थरथरायची. गावात लोक मान वळवून म्हणायचे, ही लीलंडची. त्यातल्या काही झाडांवर आपटल्या, काही गंजून भंगारात गेल्या. ही एकोणसत्तरची हिरवी शेवेल तेवढी उरली होती. मरायच्या आधी तो आवाज त्याला एकदा ऐकायचा होता, बाकी काही नाही. आठवडाभर तो झोपला नाही आणि त्याने मलाही झोपू दिलं नाही.

ट्रेंट हॉलिस धान्याची कोठारं बांधतो. मोठा, हसरा माणूस. त्याच्या बायकोने बाहेर टेबलावर सँडविचेस आणि पीच फळांचा गोड पाय मांडून ठेवला होता. शेजारपाजारचे चारपाच जण खुर्च्या टाकून बसले होते.

"या, मिस्टर स्ट्रूप! आज तुमचाच मान."

लीलंडने जाकीट काढून माझ्या अंगावर टाकलं आणि तो गॅरेजमध्ये शिरला. बॉनेट उघडं होतं. तो वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"माझा कार्ब्युरेटर कुठाय?"

"तो काय, खोक्यात." ट्रेंटने कोपऱ्यातलं पुठ्ठ्याचं खोकं दाखवलं. "कॅमशाफ्टपण त्यातच. कारखान्याचे अस्सल पार्ट शोधायला मला तीन राज्यं पालथी घालावी लागली. ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे ना! परीक्षकांना गाडी कारखान्यातून निघाली तश्शी लागते. डीलरकडे बसवलेलं काही दिसलं की गुण गेलेच."

"कारखान्यातून ती माझ्याकडेच आली होती," लीलंड म्हणाला. "अशी ती रस्त्यावर एक दिवससुद्धा चालली नाही."

"ते मला माहितीये हो. पण नियम आहे." ट्रेंटचा चेहरा पडला. लीलंडला वाईट वाटेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. आपण गाडीचा मान राखतोय, असंच त्याला वाटत होतं. मला मात्र टेबलावरचा तो पीच पाय उचलून त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

"चल, घरी जाऊ," मी लीलंडला म्हणाले.

त्याने ऐकलं नाही. "डाव्या बाजूच्या माझ्या नळ्या अजून आहेत," तो म्हणाला.

"मागचा बोल्ट सुटत नाहीये. स्टिअरिंगच्या दांड्यामागे पाना पोचतच नाही. आता जेवण झालं की कापून काढतो."

"कापू नकोस."

"मग काय करू?"

लीलंड आमच्या गाडीपाशी गेला आणि सीटखालून पाना घेऊन आला. त्या एका बोल्टसाठी त्याने तो भट्टीत तापवून वाकवला होता. दुसऱ्या कशालाच तो चालत नाही. मी कितीदा फेकायला काढला होता!

"लीलंड, तू सोडवू नकोस," मी हळूच म्हणाले. "कापू दे त्याला. तुझ्या हाताने कशाला?"

"कापलं तर इंजिनच्या हेडमधले आटे जातील, व्हर्ना. चांगलं इंजिन आहे."

तो गाडीखाली झोपला. त्याचे बूट तेवढे बाहेर दिसत होते. बराच वेळ काही झालं नाही. मग कर्र्र असा आवाज आला आणि बोल्ट अख्खा बाहेर आला. ट्रेंटने टाळी वाजवली, पण त्याच्यामागे कुणी वाजवली नाही.

पुढचं दोघांनी मिळून केलं. कारखान्याचं एक्झॉस्ट लीलंडनेच घट्ट बसवलं, गॅस्केट बोटाने चाचपून. संध्याकाळी ट्रेंटने चावी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली आणि गुरगुरली नाही, थरथरली नाही. कुणीतरी पाण्याचा ग्लास इंजिनवर ठेवला, तर त्यातलं पाणीही हललं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लीलंड मान कलती करून ऐकत होता.

"छान चाललीये," तो म्हणाला.

"हे खोकं घेऊन जा, मिस्टर स्ट्रूप. तुमचंच आहे."

"मी काय करू त्याचं?" त्याने शर्टाला हात पुसले, वाकडा पाना खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं.

परत येताना मीच गाडी चालवत होते. मका तसाच, रस्ता तसाच. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. मी शेजारी पाहिलं. तो समोर बघत बसला होता, हात मांडीवर, आणि गुडघा हलत नव्हता.

मी एका हाताने स्टिअरिंग धरलं आणि दुसरा त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"हलव की रे जरा," मी म्हणाले.