बावीस नंबरचं ‘या’

शुभाने बागेच्या फाटकाची कडी सरकवली आणि हात तिथेच राहिला.

अळूचा वाफा जागेवर नव्हता. काल संध्याकाळी तळहाताएवढी पानं जिथे डुलत होती, तिथे आता नांगर फिरल्यासारखी काळीभोर माती उलथून पडली होती. मधूनच एखादा जांभळा देठ वर आलेला. कुंपणाची जाळी खालून उचकटून वर वळली होती.

“ममा, गुक माल,” बघ ना, म्हणत ईश्वरीने बोट दाखवलं. पाच वर्षांची ईश्वरी मराठी सगळं समजायची, बोलायची मात्र जर्मनमधून.

शुभाने तिच्या तोंडावर हात ठेवला.

सफरचंदाच्या झाडाखाली रानडुकरीण उभी होती. ती एवढी मोठी असते, हे शुभाला कुठल्याच चित्राने सांगितलं नव्हतं. कान ताठ, आणि नाकाच्या शेंड्यावर शुभाच्याच वाफ्यातली माती. तिने ईश्वरीला ओढून पाठीशी घातलं. डुकरीणही तेवढ्यात दोन पावलं आडवी सरकली, आणि तिच्या पायांमागच्या गवतात काहीतरी वळवळलं. पिल्लं. मांजराएवढी, अंगावर पिवळट पट्टे ओढलेली, एकमेकांच्या पाठीवर धडपडणारी.

“श्ट्राइफन,” ईश्वरी बोटांच्या फटीतून कुजबुजली. पट्टे. तिच्या रात्रीच्या पायजम्यासारखे.

दोघी उलट्या पावलांनी बाहेर आल्या. वळणावर पोचल्यावर शुभाला हसूच आवरेना. ईश्वरीही हसायला लागली, उड्या मारायला लागली. हसता हसता शुभाला वाफा आठवला.

“आजीला काही सांगायचं नाही हं.”

“गेनाऊ,” ईश्वरी गंभीरपणे म्हणाली. अगदी बरोबर.

वाफा आजीचा होता. शुभाच्या सासूबाई, अहिल्याबाई, एप्रिलमध्ये पुण्याहून जर्मनीत आखनला आल्या त्या पापडांच्या डब्यात अळकुड्या लपवून. घरात त्यांना सगळे आई म्हणत. सुधीरची पीएचडी संपत आली होती, तो दिवसभर प्रयोगशाळेत. आईंना इथली भाषा येत नव्हती, बसमध्ये एकटीने चढायची भीती वाटायची. पहिले काही दिवस त्या खिडकीशी बसून नुसत्या सायकली बघायच्या. मग शुभाने त्यांना बागेत नेलं. शहराच्या कडेला, जंगलाला लागून भाड्याने मिळणारा हा तुकडा, पार्सेल नंबर बावीस. मेमधली शेवटची थंडी उलटल्यावर आईंनी पदर खोचला आणि स्वतः अळकुड्या लावल्या. तेव्हापासून त्या जेवताना बोलायला लागल्या होत्या. जुलैत परत जायच्या आधी अळूवड्या करून सगळ्या शेजाऱ्यांना द्यायच्या, असा त्यांचा बेत होता. पोस्टमनसुद्धा त्यात धरला होता. आईंच्या दारातून निघणाऱ्याला कोणी ‘जा’ म्हणायचं नाही, ‘या’ म्हणायचं, हा नियम त्यांनी इथेही सोडला नव्हता. पोस्टमन वळला की त्या “या हं” म्हणायच्या, आणि तो बिचारा ते जर्मनमधलं ‘या’, म्हणजे ‘होय’, समजून “या, या,” करत आनंदाने जिना उतरायचा.

त्या संध्याकाळी बागवाल्यांच्या मंडळाची सभा होती. ईश्वरीला आईंजवळ ठेवून शुभा निघाली. गेले काही दिवस रानडुकरं एकेक बाग उकरत होती, त्यांच्याविरुद्ध काय बोलायचं ते तिने आठवडाभर पाठ केलं होतं. सुधीर म्हणाला होता, “जर्मनचं व्याकरण चुकलं तर चुकू दे. राग नीट दाखव.”

मंडळाच्या लाकडी खोलीत गेल्या वर्षीच्या वर्ल्डकपच्या झेंड्यांची माळ अजून लटकत होती. फ्राऊ योस्टननी बाकावर आपल्याशेजारची जागा शुभासाठी धरून ठेवली होती. एकवीस नंबरच्या या म्हाताऱ्या बाईंनी दोन वर्षांपूर्वी याच खोलीत शब्द टाकला, म्हणून शुभा-सुधीर सबनीसांना पार्सेल मिळाली होती.

“तुमचंही गेलं ना?” त्यांनी विचारलं. “माझे सगळे बटाटे. आज आपण दोघी.” आणि शुभाचा हात दाबला.

ठराव साधा होता. बागांच्या आत गोळी चालवता येत नाही. त्यासाठी खास परवानगी मागायची का, की सगळ्यांनी मिळून नवीन कुंपण घालायचं आणि डुकरांना सोसायचं. होय म्हणजे परवानगी, नाही म्हणजे कुंपण.

“परवानगी कसली मागता,” फ्राऊ योस्टन म्हणाल्या. “ते काय हरीण आहे? उपद्रव आहे तो. उंदराला आपण मोसम बघून मारतो का?”

जंगलाचा तो भाग शिकारीसाठी ज्यांच्याकडे होता ते हेर, म्हणजे श्रीयुत, पेल्त्सर कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन बसले होते.

“उंदीर म्हणालात की विषही चालतं, फासही चालतो,” ते म्हणाले. “जोवर ती ‘विल्ड’ आहे, तोवर तिला मोसम आहे, कायदा आहे, आणि तिच्यासाठी मी जबाबदार आहे.”

“आणि गुलाश, तिच्या मटणाचा रस्सा?” मागून कोणीतरी विचारलं.

“गुलाशसुद्धा मोसमातच.”

लोक हसले. शुभा त्या शब्दाशी घोटाळत राहिली. विल्ड म्हणजे रानटी, आणि विल्ड म्हणजे ज्याची शिकार करायची तेही. मारायचं, पण नियमाने. म्हणून आधी जगू द्यायचं. पिल्लं दिसायच्या आधी हे ऐकलं असतं तर तिला राग आला असता.

“एक विचारतो,” हेर पेल्त्सर म्हणाले. “तिच्याबरोबर पट्टेवाली पिल्लं कोणी पाहिलीत? गवत इतकं वाढलंय की मला नुसती पाठ दिसते. पिल्लं अंगावर असतील तर आईला मारता येत नाही.”

“एकटी होती,” फ्राऊ योस्टन म्हणाल्या. “मी स्वतः पाहिली.”

शुभाने आपल्या नखांकडे पाहिलं. पाठ केलेली वाक्यं सगळी ओळीने उभी होती, पण त्यातलं एकही पुढे येईना. शेजारी फ्राऊ योस्टनच्या हाताची ऊब अजून मनगटावर होती.

अध्यक्ष हेर ल्युकर नंबर वाचायला लागले. होय. नाही. नाही. होय. प्रत्येक उत्तराला कोणीतरी बाकावर बोटं वाजवत होतं. वीस झाला, फ्राऊ योस्टनचा एकवीस झाला, आणि हेर ल्युकरनी चष्मा वर केला.

“एक नंबर गैरहजर, दहा-दहा. बरोबरी. शेवटचा नंबर. बावीस, फ्राऊ सबनीस?”

त्याच वेळी दार करकरलं. दारात आई उभ्या होत्या, पायांत सुधीरचे रबरी बूट, हाताशी ईश्वरी. पदराची झोळी पोटाशी धरलेली. एवढे परके चेहरे एकदम आपल्याकडे वळलेले पाहून त्या उंबऱ्यातच थबकल्या. शुभा उठून उभी राहिली. सासर-माहेरच्या साऱ्या सवयीने तिच्या तोंडून निघालं,

“या.”

“या,” हेर ल्युकरनी म्हटलं आणि खूण केली. “बावीस, होय. ठराव मंजूर.”

खोलीत एकच गलका झाला. फ्राऊ योस्टननी शुभाच्या खांद्यावर थाप मारली. शुभा उभीच होती. खाली बसलं की संपलं. हेच तर बोलायला ती आली होती, आणि आता बोलावंही लागलं नव्हतं.

आई बाकांमधून वाट काढत आल्या. “ईशूने ओढत नेलं बागेत,” त्या हळूच म्हणाल्या. ईश्वरी बुटांकडे बघत होती. आईंनी पदर उघडला. आत अळकुड्या होत्या, मातीने माखलेल्या, अख्ख्या. एकीवर दातांचे ठसे. “खाल्ल्या नाहीत गं त्या डुकरिणीने. एक चावून थुंकून टाकलीय. खाजलं असणार मेलीला. किडे शोधत होती बहुतेक.”

शुभाने ती दात लागलेली अळकुडी उचलली. मग वळली.

“माफ करा,” ती जर्मनमध्ये म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. “ते माझं मत नव्हतं. मी सासूबाईंना आत बोलावलं. आमच्या भाषेत ‘या’ म्हणजे आत या.”

क्षणभर कोणाला काही कळेना. मग खोली हसली.

“आणि निघणाऱ्याला काय म्हणता?” हेर ल्युकरनी विचारलं.

“या.”

“आल्झो, मग तुमच्याकडे पाहुणे हाकलतात तरी कसे?”

“मलाही अजून कळलेलं नाही,” शुभा म्हणाली. पुन्हा हशा झाला. तो ओसरेपर्यंत ती थांबली. “पिल्लं आहेत. सकाळी मी पाहिली. माझ्याच वाफ्याजवळ.”

हशा विझला. “पट्टे होते?” हेर पेल्त्सरनी विचारलं, पण तिला नव्हे, ईश्वरीला.

“माझ्या पायजम्यासारखे,” ईश्वरी जर्मनमध्ये म्हणाली.

हेर पेल्त्सरनी टोपी घातली. “मग पट्टे जाईपर्यंत माझी बंदूक कपाटात. तुम्ही ठराव करा, नका करू.”

“तरीही मत लागेल, फ्राऊ सबनीस,” हेर ल्युकर म्हणाले.

“नाइन.” नाही. ठराव पडला.

फ्राऊ योस्टननी खांद्यावरचा हात काढून घेतला. “सकाळपासून माहीत होतं तुम्हाला.”

“हो.”

त्यांनी कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत लावली आणि त्या निघून गेल्या.

“काय झालं गं?” आईंनी विचारलं. “माझं काही चुकलं का?”

“नाही हो आई. अगदी वेळेवर आलात.”

बाहेर अजून लख्ख उजेड होता; जूनमध्ये इथे दिवस मावळायचं नावच घेत नाही. तिघी बावीस नंबरमध्ये गेल्या. शेजारी उंच झुडपांपलीकडे हातोडी वाजत होती. फ्राऊ योस्टन आपली जाळी स्वतःच ठोकत होत्या. शुभाने दोनदा तिकडे पाहिलं.

आई वाफ्यात बसल्या. “भुसभुशीत केलीय बघ माती. कुदळ मारायला नको.” त्या एकेक अळकुडी ठेवत गेल्या, ईश्वरी मुठीने माती लोटत गेली. दात लागलेलीही त्यांनी लावली. “येईल. चिवट असतं अळू.”

ईश्वरी एकदम ताठ झाली. जाळीपलीकडे, जंगलाच्या कडेने ती चालली होती. मागे पट्ट्यांची ओळ, शेवटचं पिल्लू सारखं मागे पडून पळणारं. डुकरीण थांबली. मान वळवून तिने वाफ्याकडे पाहिलं. या वेळी शुभाने ईश्वरीला मागे ओढलं नाही.

“जा,” ती पुटपुटली. “जा गं बाई.”

“असं म्हणू नये,” आई तितक्याच हळू म्हणाल्या. “लेकुरवाळी आहे.” मातीचे हात गुडघ्यांवर टेकत त्या उठल्या आणि नेहमीच्या दारातल्या आवाजात, चांगलं खणखणीत, म्हणाल्या, “या हं.”

झुडपांपलीकडे हातोडी थांबली.

“नाइन,” फ्राऊ योस्टन म्हणाल्या.