गल्ली गप्प होती तो दिवस

मित्रांनो, मी भित्रा आहे, हे आधीच कबूल करतो. भिंगारच्या विणकर गल्लीतला मी एक म्हातारा हातमाग. मच्छिंद्र सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवले. सत्तारभाई माझ्यावर लुगडी विणत. काष्टीच्या बाजारात बायका ती बोटांनी चाचपून ‘पोत बघा पोत’ म्हणत, तेव्हा मला फार चढल्यासारखे होई.

मग लढाई आली, सूत मिळेनासे झाले. सत्तारभाईही वारले. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. शेजारचे दोन माग सरपणासाठी फोडले, तो कुऱ्हाडीचा आवाज अजून माझ्या सांध्यांत आहे.

पुढे स्वराज्य आले. नव्या सरकारने ठरवले, देशी कापड वाढवायचे, विणकरांना घरबसल्या काम द्यायचे. पण सूत मिळणार फक्त चालू मागांना. सत्तारभाईंची बायको खातून हिने कुठूनसे थोडे सूत आणून मला पुन्हा जुंपले. सरकारी यादीत नाव आले नाही तर तिच्या हाती खडी वाहायची घमेली आणि माझ्या नशिबी चूल, हे दोघांनाही ठाऊक होते.

माग मोजायला दत्तोपंत कारकून आले, ते नेमके रतनबाई वारल्या त्या सकाळी. रतनबाई साऱ्या गल्लीला सूत गुंडाळून मागाच्या कांड्या भरून देत. माणूस गेले की माणसे मसणवाटेतून परतेपर्यंत आमच्या गल्लीत एकही माग वाजत नसे.

“बाई, यादी आजच जायची आहे,” दत्तोपंत म्हणाले. “दोन हात मारून दाखवा, लगेच चालू लिहितो.”

खातूनचा पाय माझ्या खालच्या पावडीवर, माग चालवायच्या फळीवर, गेला. मी भीतीने अर्धमेला झालो होतो. चालव ग बाई, चालव, एवढेच मनात होते. रतनबाईंची मला आठवणसुद्धा झाली नाही. आज त्याची लाज वाटते.

तिने पाय काढून घेतला. “न्हाई साहेब. या धोट्यात रतनबाईंनीच भरलेली कांडी हाय. आज न्हाई वाजवनार.”

दत्तोपंतांनी ‘बंद’ लिहिले. गल्लीतल्या बावीसच्या बावीस घरांपुढे तेच लिहिले आणि ते टांग्याकडे निघाले. मला कुऱ्हाड दिसू लागली.

तेवढ्यात माणसे परतली. खातूनने रतनबाईंच्या लेकाला, गोरक्षला, सारे सांगितले. ओल्या धोतराने तो गल्लीत तसाच उभा राहिला. म्हणाला, “लावा माग. माज्या आईनं जन्मभर कांड्या भरल्या, त्या काय बंद मागांसाठी?”

एक माग वाजला, मग दुसरा, मग मी. टांग्यात पाय ठेवलेले दत्तोपंत थांबले. परत येऊन त्यांनी एकेका दाराशी वही उघडली आणि ‘बंद’ खोडून ‘चालू’ लिहिले. खातून रडत रडत विणत होती. कांडी संपली तेव्हा तिने ती भरून घ्यायला सवयीने रतनबाईंच्या दाराकडे हात केला, आणि हात तसाच राहिला.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणी साहेब व्हाल, हातात वही घेऊन आमच्यासारख्यांच्या दारात याल. एखादा माग थांबलेला दिसला, तर ‘बंद’ लिहिण्याआधी गल्लीत कोण वारले, एवढे विचारा.