आधी मुळं बघा

मी कुंडी बोलतेय. मातीची नव्हे, चिनी मातीची तर नव्हेच. साध्या प्लॅस्टिकची, पाण्याच्या बाटलीसारखी आरपार दिसणारी. बुडाला आणि कडेला भोकं पाडलेली. मला बघून आजवर कुणी ‘किती सुंदर!’ म्हटलेलं नाही. न म्हणोत. मला घडवलंच मुळी आतलं दिसावं म्हणून.

कारखान्यातल्या साच्यातून मी गरमागरम बाहेर पडले आणि बहिणींच्या चळतीत बसून रोपवाटिकेत आले. तिथे माझ्या पोटात झाडाच्या सालीचे तुकडे भरले आणि त्यात एक ऑर्किड बसवलं. या ऑर्किडला माती चालत नाही. मुळांना पाणी हवं, तेवढीच हवाही हवी. तहान लागली की मुळं रुपेरी होतात, पाणी मिळालं की हिरवी. हे सगळं माझ्या अंगातून दिसतं. काम एवढंच, पण मला त्याचा भारी अभिमान.

मग ती आली. दातांच्या दवाखान्यात दिवसभर फोन घेणारी आणि सुट्टीच्या दिवशीही फोन मुठीत घट्ट धरून फिरणारी बाई. सोबत नवरा, लिफ्ट दुरुस्त करणारा. आणि नवऱ्याची आत्या, जिला कुणी बोलावलं नव्हतं.

“मला सोपं झाड द्या,” बाई म्हणाली. “माझ्या हातून झाडं मरतात.”

“निवडुंगसुद्धा मारलाय हिने,” आत्याबाई म्हणाल्या. “निवडुंग! वाळवंटात जगतो तो.”

दुकानवाली हसली. टांगलेल्या, लांब मुळं लोंबणाऱ्या ऑर्किडकडे बोट दाखवून म्हणाली, “हे नको. याला रोज भिजवावं लागतं. ते जांभळं छान आहे, पण त्याला ऊन भरपूर लागतं. घरात ऊन येतं?”

“सकाळी थोडं. एकाच खिडकीत.”

“मग हे घ्या.” तिने मला उचललं. माझ्यातल्या ऑर्किडला पांढरी, पसरट, फुलपाखरासारखी फुलं होती. “नवशिक्यांसाठी याहून सोपं नाही. उजेड हवा, कडक ऊन नको. साल सुकत आली की पाणी. फुलं गळली तरी घाबरू नका, पुन्हा येतात. आणि फार लाड करू नका.”

मग तिने मला एका निळ्या चिनी मातीच्या भांड्यात घातलं. “असं ठेवा, शोभेल. पण याला खाली भोक नाही हं, त्यामुळे पाणी घालताना...”

तेवढ्यात फोन वाजला. बाईचा चेहरा पांढरा पडला. “संस्थेतून आहे,” ती नवऱ्याला म्हणाली आणि दुकानाबाहेर पळाली. तो तिच्या मागे. दुकानवालीचं उरलेलं वाक्य आत्याबाईंच्या वाट्याला आलं, आणि आत्याबाई तेव्हा फुलं खरी आहेत की कापडाची, ते चिमटीत धरून बघण्यात गुंग होत्या.

घरी आल्यावर मला सगळं कळलं. या दोघांनी मूल दत्तक घ्यायला अर्ज केला होता. संस्थेच्या ताई घर बघायला येणार होत्या. बाईने मला खिडकीत ठेवलं, समोर खुर्ची ओढली आणि ऑर्किडला हळूच म्हणाली, “तू जगलंस ना, तर मला जमेल.”

एवढं ओझं एका झाडावर!

ती रोज पाणी घालायची. दवाखान्यात जाताना एकदा, आल्यावर एकदा. माझ्या भोकांतून ते खाली उतरायचं आणि निळ्या भांड्यात साचायचं. त्याला पुढे वाटच नव्हती. पाणी माझ्या कमरेपर्यंत चढलं. मुळं आधी तपकिरी झाली, मग लिबलिबीत. सडलेल्या मुळांना पाणी पिता येईना, म्हणून पानं सुरकुतली.

“अगं बाई, तहानलंय हे!” असं म्हणत तिने आणखी पाणी ओतलं.

मला ओरडावंसं वाटे. तहानलं नाही, बुडतंय ते! पण मला तोंड कुठलं? माझी भाषा म्हणजे माझी आरपार भिंत, आणि ती या निळ्या चिनी मातीच्या बाईसाहेबांनी झाकून टाकली होती. खूप राग यायचा मला तिचा. लोक तिचं कौतुक करत होते आणि आत आम्ही कुजत होतो.

फुलं गळली. एक पान पिवळं पडलं. आत्याबाई येऊन बघून गेल्या. “मी म्हटलं नव्हतं? झाडाची ही गत, मग उद्या लेकराची...” पुढचं त्यांनी गिळलं, पण सगळ्यांना ऐकू आलंच. बाई स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ मोठा सोडला. नळाच्या आवाजातही तिचं रडणं लपलं नाही.

ताई यायच्या त्या दिवशी बाई नवऱ्याला म्हणाली, “त्यांना फोन कर. सांग, येऊ नका. आमचा विचार बदललाय.”

तो फरशी पुसत होता. “का?”

“बघ ना त्याच्याकडे! एक झाड जगवता येत नाही मला.”

त्याने फडकं बादलीत पिळलं. मग म्हणाला, “लिफ्ट अडकली की लोक बटण दाबत बसतात. नाही चालली की आणखी जोरात दाबतात. बिघाड आत असतो गं. तू आत बघितलंस का?”

तिने मला दोन्ही हातांनी धरून उपसलं. सडक्या पाण्याचा वास घरभर पसरला. कितीतरी दिवसांनी माझ्यावर उजेड पडला, आणि आतला सगळा चिखल तिला दिसला.

ती मला घेऊन तडक कचऱ्याच्या डब्याकडे निघाली. झाकण उघडलं. संपलं, मला वाटलं. ‘सोपं झाड म्हणून आणलेलं, तेही माझ्या हातून मेलं,’ असंच आता ती जन्मभर म्हणत राहणार. मी जीव मुठीत धरून होते.

आणि ती थबकली. मला खिडकीशी नेऊन फिरवून बघू लागली. वरच्या कडेला, पाण्याच्या रेषेबाहेर, एक मूळ अजून हिरवं होतं.

“अरे, कात्री दे. स्वच्छ पुसून दे.”

ताई आल्या तेव्हा जमिनीवर सालीचा पसारा होता आणि बाईचे हात कोपरापर्यंत बरबटलेले. छाटून छाटून ऑर्किडची जेमतेम दोन-तीन मुळं उरली होती.

“जगेल?” ताईंनी विचारलं.

“हो, हो,” नवरा घाईने म्हणाला.

“माहीत नाही,” बाई म्हणाली. “पानं सुकली म्हणून मी आणखी पाणी घालत होते. आत काय चाललंय ते बघितलंच नव्हतं.”

“मग आता?”

“आता थांबायचं. तेच मला जमत नाही.”

ताईंनी वाकून सालीचा एक तुकडा उचलला आणि बाईच्या हातात दिला.

आता माझ्यात नवी साल आहे. ऑर्किडला एक नवं पान आलंय, फुलाचा अजून पत्ता नाही. निळ्या भांड्यात चमचे असतात. तुम्ही पहिलं ऑर्किड घ्याल तेव्हा सोपंच घ्या, पण दुकानवालीचं वाक्य शेवटपर्यंत ऐका. मला हवं तर सजवा, मात्र पाणी घालायच्या आधी बाहेर काढून उजेडात धरत जा. एवढीच विनंती. आजची गोष्ट सांगते आणि रजा घेते.

घरात एक मुलगी आलीय. चिमुरडी. आल्यापासून टेबलाखाली बसून आहे. कुणी दिलं तर खात नाही, पीत नाही, बोलत नाही. बाईने ताट पुढे केलं, ती आणखी आत सरकली. बाईने खेळणं दिलं, तिने डोळे मिटले. बाई पुन्हा पुढे होणार, तेवढ्यात तिने स्वतःला आवरलं. पाण्याचा ग्लास घेऊन ती खिडकीशी आली, मला मांडीवर घेतलं आणि तिथेच जमिनीवर बसून राहिली. कितीतरी वेळ. नवरा दारात श्वास रोखून उभा.

मुलगी रांगत बाहेर आली. तिने माझ्यावर बोट टेकवलं.

“हे पाय आहेत?”

“मुळं आहेत.”

“त्यांना पाणी पाहिजे?”

“तूच बघ. रुपेरी आहेत की हिरवी?”

तिने माझ्या भिंतीला नाक लावलं. तिच्या श्वासाने मी धुरकट झाले. तिने हाताने मला पुसलं आणि पुन्हा बघितलं.

“हिरवी.”

“मग त्यांना आज नको,” बाई म्हणाली.

मुलीने ग्लासाकडे बघितलं.

“मला पाहिजे,” ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी ग्लास उचलून घटाघट प्यायली.