सी हॅरियरचा डावा हात

पानिपतला निघालो म्हटलं की दिल्लीतला प्रत्येक मराठी माणूस तोच एक विनोद करतो. आमच्या सुधन्वाने तो केला नाही. आल्या आल्या म्हणाला, "आई, बाबांनी हायवेवर गाडी चालवायची नाही. सत्तरी झालीय त्यांची. मी ड्रायव्हर बोलावतो. बिल्कुल हट्ट नको."

मला रागच आला. मिनिस्ट्रीत मोठ्या खुर्चीत बसतो म्हणून बापाला शिकवणार? "तुझ्या बापाने हलत्या जहाजावर विमान उतरवलंय," मी म्हटलं. "तुला बेसमेंटमध्ये गाडी धड लावता येत नाही."

आमचे हे, म्हणजे निवृत्त कमांडर यतीन, पेपर वाचत असल्याचं सोंग करत होते, पण खूश झाले होते. निवृत्तीबरोबर ह्यांचा गणवेश गेला, गोव्याचं सरकारी घर गेलं, पुढे विमानही नौदलातून निवृत्त झालं. हातात राहिली होती ती एक गाडी. तीही काढून घेतली तर हा माणूस खचेल, अशी मला भीती होती, म्हणून मी भांडत होते.

त्या विमानाबरोबर मी उभा संसार केलाय, त्यामुळे न उडवताही मला ते पाठ आहे. सी हॅरियर मूळचं इंग्रजांच्या जमिनीवरचं विमान. धावपट्टी बॉम्बने उखडली तरी मोकळ्या जागेतून उडावं, म्हणून ते तसं रचलेलं. आरमारासाठी त्याचं कॉकपिट उंच केलं, नाकात रडार बसवलं. आपल्याकडे ते त्र्याऐंशीत आलं, आधी विक्रांतवर आणि मग विराटवर राहिलं. जहाजाच्या टोकाला चढ असतो, त्यावरून झेप घ्यायची. टेहळणी करायची, हल्ला करायचा, सगळं एकट्याने. बाकीची विमानं आधी उतरतात आणि मग थांबतात. हे मात्र आधी हवेत थांबायचं, मग उतरायचं.

ते कसं, तर इंजिनाचा झोत बाहेर टाकणारी चार तोंडं फिरवता यायची. वैमानिकाच्या डाव्या हाताशी इंजिनाची ताकद कमीजास्त करणारा एक दांडा आणि त्याला खेटून दुसरा. हा दुसरा मागे ओढला की तोंडं खाली वळायची आणि विमान जागच्या जागी तरंगायचं. घाईत चुकीचा दांडा ओढला तर खेळ खलास. म्हणून शिकण्याच्या दिवसांत ह्यांचा डावा हात जेवतानाही टेबलाखाली चालायचा. पुढे, मागे. "अहो, आमटी गार होतेय," मी ओरडायचे.

तर आम्ही दोघंच निघालो. नात कादंबरी होस्टेलवर जाणार होती, तिच्यासाठी पानिपतच्या बाजारातून रजया घ्यायच्या होत्या. सोनिपत मागे पडलं, ऊन छान होतं, हे गुणगुणत होते. सुधन्वाला फोन करून टोमणा मारायचं मी मनात ठरवूनही टाकलं.

पानिपतच्या अलीकडे आम्ही सर्व्हिस रोडला लागलो आणि समोरून उलट्या बाजूने ट्रॅक्टर आला, मागे उसाची ट्रॉली. पुरेसं अंतर होतं. ब्रेक दाबला असता तर आरामात थांबलो असतो. ह्यांचा पाय हललाच नाही. डावा हात तेवढा खाली गेला आणि ह्यांनी हँडब्रेक खसकन मागे ओढला.

मागची चाकं किंचाळली. गाडी गर्रकन फिरली आणि कठड्याला घासून उलट्या तोंडाने थांबली. "ताऊ, मरेगा के?" असं ओरडून ट्रॅक्टरवाला निघून गेला. आम्हाला खरचटलंही नाही.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती, आश्चर्य होतं. हात अजून हँडब्रेकवर घट्ट होता.

"तरंगायला हवं होतं," हे म्हणाले.

थोड्या वेळाने ह्यांना भान आलं. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "अलका, सुधन्वाला सांगू नकोस."

"हो" अगदी ओठांवर आलं होतं. कोणाला काय कळणार होतं? पत्र्यावरचा ओरखडा पार्किंगमध्ये पडला म्हणून खपला असता. पण मला ह्यांच्या स्क्वाड्रनची, म्हणजे वैमानिकांच्या तुकडीची, रीत आठवली. उडताना चूक झाली तर ज्याने केली त्याने सगळ्यांसमोर उभं राहून ती स्वतः सांगायची. सांगणाऱ्याला कोणी बोल लावायचं नाही. लपवली तर तीच चूक उद्या दुसऱ्याचा जीव घेते, हे आम्हा बायकांनासुद्धा ठाऊक होतं.

"स्क्वाड्रनमध्ये तुम्ही काय केलं असतंत?" मी विचारलं.

ह्यांनी खिशातून फोन काढला, स्पीकरवर लावला आणि सीटमध्ये ताठ बसले.

"सुधन्वा, रिपोर्ट देतोय. मधे बोलू नकोस. समोर ट्रॅक्टर आला. फूटब्रेकऐवजी मी हँडब्रेक ओढला. गाडी फिरली. माणसं सुखरूप. चूक माझी."

"बाबा! आई ठीक आहे ना? यार, मी म्हणत होतो… पण असं झालं कसं?"

ह्यांनी डावा हात मांडीवर उपडा ठेवला.

"काही क्षण मी विमानात होतो. आठवण नाही म्हणत मी. खरोखर तिथे होतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. जिन्यात झालंय. परवा तुझ्या आईचं नाव आठवेना, तेव्हाही."

परवा मला "अगं, ए" म्हणून हाक मारली होती आणि मी लाडाचं म्हणून हसले होते.

माझे डोळे भरून आले. मी दार उघडून खाली उतरले, वळसा घालून ह्यांच्या बाजूला गेले आणि म्हटलं, "सरका तिकडे, गाडी मी चालवते. आणि माझं नाव सांगा."

"अलकनंदा," ह्यांनी माझं पूर्ण नाव घेतलं आणि सरकले.