सोपटाने बांधलेलं ड्रोन

उन्हाने डिंक मऊ पडला आणि मेघाच्या ड्रोनचा एक हात लोंबायला लागला.

बांबूच्या कामट्या, बिघडलेल्या खेळण्यांतल्या मोटारी आणि ग्लूगनचा डिंक एवढ्यावर मी आणि मेघाने ते तळहातावर मावणारं यंत्र उभं केलं होतं. धुळ्याजवळच्या तिच्या शाळेत, जिथे मी शिकवते, ते रोज उडायचं, पण वर्गात, सावलीला. जळगावच्या मुलींच्या ड्रोन-स्पर्धेआधी एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या टेबलावर ते ठेवून पाहायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

मेघा नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. सोबत तिचे वडील, नवलभाऊ. त्यांनी घरूनच बजावलं होतं: आज ड्रोन उडालं तर पॉलिटेक्निक, नाहीतर गावच्याच कॉलेजात अकरावी.

स्पर्धेचे आयोजक प्रेमराज सर आले. त्यांनी लोंबता हात बोटाने हलवून पाहिला आणि मला म्हणाले,

"प्रियलताई, हिला आमचं तयार ड्रोनचं किट द्या. बटण दाबलं की उडतं. फोटो निघेल, सर्टिफिकेट मिळेल."

नवलभाऊंचा जीव भांड्यात पडला. ते घरच्या अहिराणीत म्हणाले, किट घेऊन टाक: "लई ले ना, पोरी. उडनं म्हंजे झायं."

"आबा, ते त्यासनं शे. मी काय बनाडं त्यामा?" त्यात तिने बनवलेलं काहीच नव्हतं.

"बटन दाबशी ना!"

"बटन ते बकरी बी दाबी."

रांगेतल्या पोरी फिस्सकन हसल्या. सरांना हसू आलं नाही. "नाव पुकारेन तेव्हा उडालं नाही तर बाद," असं म्हणून ते निघून गेले.

उद्घाटनासाठी मांडवाच्या दाराशी केळीचे खांब बांधले होते. मेघाने एका खांबाचं वाळलेलं सोपट, म्हणजे खोडावरची साल, ओढलं, त्याच्या बारीक पट्ट्या फाडल्या, बाटलीतल्या पाण्याने ओल्या केल्या आणि मेथीची जुडी बांधावी तसा तो हात आवळायला घेतला. सोपट निसटत होतं. नवलभाऊ खाली बसले आणि त्यांनी ड्रोन दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

नाव पुकारलं गेलं तेव्हा शेवटची गाठ राहिली होती.

"बाद!" प्रेमराज सर माईकवर म्हणाले.

मेघाने गाठ मारली, ड्रोन उचललं आणि मांडवाबाहेरच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवलं. सर मागोमाग आले.

"अगं, तुझा नंबर गेला."

"नंबर गेला, सर. ड्रोन इथेच आहे."

ते उठलं. ओल्या सोपटाच्या वजनाने डावीकडे कललं, जमिनीला घासलं. मेघाने रिमोटवर अंगठा जरासा सरकवला. ड्रोन सरळ झालं, आमच्या डोक्यांवर गेलं आणि तिथेच भुणभुणत थांबलं. रांग मोडून पोरी बाहेर धावल्या. "ए, हे बांधलंस कशाने?" त्यांनी तिला घेरलं.

"गुण मिळणार नाहीत," सर म्हणाले.

"नका देऊ," मेघा मान वर ठेवूनच म्हणाली.

नवलभाऊंनी उपरण्याने हात पुसले आणि थेट सरांनाच पत्ता विचारला, "पॉलिटेक्निक कोठे शे आठे?"