धुतलेला टोप

मी एक जुना टोप आहे; घोड्याच्या केसांचा, वकिलांनी कोर्टात घालायचा. मित्रांनो, आमच्या एनुगू शहरात ऊन मी म्हणते, तरी घोड्याचे केस डोक्यावर घेतल्याशिवाय इथे न्याय मागता येत नाही. त्यात टोप जितका मळका, तितका वकील ज्येष्ठ. काही नवशिके कोरा टोप गुपचूप चहात बुडवतात. मी मात्र प्रामाणिकपणे मळलो.

माझ्या मालकीणबाई उझोअमाका एझेआनी. त्या विद्यापीठात कायदा शिकवतात, कादंबऱ्या लिहितात आणि दर रविवारी वर्तमानपत्रातून सरकारचे कान उपटतात. कादंबरी अडली की मला मांडीवर घेऊन कुरवाळत. साहित्यात माझा एवढा वाटा. पुस्तकात आभार मात्र नवऱ्याचे. पुढे कोर्टात जाणे सुटले आणि मी डब्यात पडून राहिलो.

मग बाईंनी मंत्र्यांच्या एका रस्त्याविषयी लिहिले. तो रस्ता फक्त कागदावर होता. पोलिसांनी बाईंना सोडून लेख छापणाऱ्या संपादकाला, ओबिओराला, कोठडीत टाकले. बाईंनी माझा डबा उघडला. दुसऱ्या दिवशी जामिनासाठी त्या स्वतः उभ्या राहणार होत्या.

तेवढ्यात गावाहून आलेल्या त्यांच्या आईने मला पाहिले. "अरे देवा! एवढी शिकलेली पोर, आणि डोक्यावर हा घाणेरडा बोळा?"

साबण, नीळ, कडक ऊन. संध्याकाळी मी बगळ्यासारखा पांढराशुभ्र!

"आई! अगं, माझी सगळी वकिली धुऊन टाकलीस!"

"ओरडतेस काय? तसलं घालून गेली असतीस, तर कोर्ट म्हणालं असतं, हिला आईच नाही!"

कोर्टात सरकारी वकील अझुबुइके उठले. त्यांचा टोप भाजलेल्या याम कंदाच्या सालीसारखा काळपट. "माय लॉर्ड, आमच्या विद्वान भगिनी कालच वकील झाल्या वाटतं. टोपाला अजून साबणाचा वास येतोय. कादंबरी वाचून दाखवणार असतील, तर आम्ही जेवून येतो."

हशा पिकला. लाल होणे माझ्या हाती नव्हते, नाहीतर झालो असतो.

"माय लॉर्ड, टोप माझ्या आईने धुतलाय," बाई शांतपणे म्हणाल्या. "कायदा मात्र मी वापरून वापरून मळलेलाच आणलाय. या बंधूंनाही तो मीच शिकवला. त्या तासाला ते झोपायचे. लेखाखाली नाव माझं आहे आणि मी इथे उभी आहे. ओबिओराला कोणत्या कलमाखाली धरलं, एवढंच त्यांनी सांगावं."

अझुबुइके कागद चाळू लागले. खालचे वर गेले, वरचे खाली आले.

"कलम?" न्यायमूर्तींनी विचारले.

"शोधतोय, माय लॉर्ड."

"शोधा सावकाश. तोवर त्या माणसाला घरी जाऊ द्या. जामीन मंजूर."

ओबिओरा बाहेर आला तो खंगलेला, दाढी वाढलेला. "मॅडम, रविवारचा लेख?"

"आधी जेव, मेल्या!" बाई म्हणाल्या. मी त्यांच्या डोक्यावर होतो, म्हणून मला तेवढे कळले, की त्या थरथरत होत्या.

मित्रांनो, माझी काळजी घ्यायचीच असेल, तर मला साबण नको आणि बंद डबाही नको. लिहिले म्हणून कुणी आत गेला, की डबा उघडा. मळायचे माझे मी पाहून घेईन.